आधीचा फोटो

चेहरा दोन मिनिटांत दहा वर्षांनी तरुण करून दाखवणारा माणूस मी माझ्या या डोळ्यांनी पाहिला आहे! त्याच्याकडे मशीन नव्हतं, सुई नव्हती, कसली जेलही नव्हती. थर्माकोलचा एक पांढरा तुकडा होता आणि उजव्या हाताचं पहिलं बोट होतं, बस.

थांबा, नीट सांगते. मी जळगावात एका स्किन क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे. म्हणजे डॉक्टर मॅडमनी तपासलं की पेशंटला शेजारच्या खोलीत बसवायचं आणि हे केलं तर काय होईल, ते केलं तर किती दिवस तोंड लाल राहील, हे समजावून सांगायचं. पाचोऱ्याहून रोज गाडीने येते, दिवसभर बोलते आणि घरी जाऊनही बोलते. बोलण्याची हौस असलेल्या बाईला बोलण्याचाच पगार मिळावा, हे माझं नशीब.

दोन वर्षांमागे मॅडमनी ठरवलं, की ऑपरेशन न करता सैल कातडी घट्ट करणारं एखादं नवं मशीन घ्यायचं. गाल उतरलेले, जबड्याची रेघ हरवलेली, हनुवटीखाली पिशवी आलेली, अशा बायका आमच्याकडे वाढत चालल्या होत्या. पुरुषही येत, पण ते आधी बायकोचं नाव पुढे करत. साधं रेडिओफ्रिक्वेन्सीचं मशीन आमच्याकडे होतं. आता अल्ट्रासाउंडवालं घ्यावं, की बारीक सुयांमधून आत उष्णता सोडणारं घ्यावं, हा प्रश्न होता. दोन्ही विक्रेते आपापलं मशीन काही महिने वापरून पाहायला द्यायला तयार होते. मॅडम म्हणाल्या, "तुलना करायची तर खरी करू. पण मोबाइलचे फोटो नकोत. कोणीतरी पक्का फोटोग्राफर आणा."

मी आणला. त्याबद्दल माझी पाठ मीच थोपटून घेते.

नानांचा स्टुडिओ बाजारपेठेत होता, अजूनही आहे. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला आणि कानावर पेन्सिल. कॅमेरा डिजिटल होऊन जमाना झाला तरी पेन्सिल कानावरून उतरली नव्हती. जुन्या काळी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण बुजवायचे, त्याला रिटचिंग म्हणत. त्यात नानांचा हात असा होता, की निम्म्या जळगावाच्या सोयरिकी त्यांच्या पेन्सिलीने जुळल्या असं लोक म्हणायचे. नाना त्यावर "निम्म्या नाही, थोड्या जास्त" अशी दुरुस्ती करायचे.

विक्रेत्याचा एक प्रतिनिधी आला त्या दिवसाची गोष्ट. टाय लावलेला, पन्नाशीला टेकलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने टेबलावर गुळगुळीत कागदाची पुस्तिका उघडली. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. मॅडमच्या भुवया वर गेल्या, माझा तर आ वासला. केवढा फरक! नानांनी खिशातून भिंग काढलं, पुस्तिकेवर वाकले आणि म्हणाले, "साहेब, जरा त्या स्टुलावर बसता?"

तो बसला. नानांनी दिवा त्याच्या डोक्यावर नेला, त्याला सहज खाली बघायला सांगितलं आणि फोटो काढला. मग दिवा समोर आणला, मांडीवर थर्माकोलचा तुकडा ठेवला म्हणजे उजेड खालून वर येईल, हनुवटीला बोट लावून ती जेमतेम बोटभर पुढे आणि वर केली, आणि दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारीशेजारी लावले. अहो, काय सांगू! पहिल्या फोटोत थकलेला काका, दुसऱ्यात नवरदेव! डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, जबडा आला, मान सुद्धा लांब झाली.

"हे कोणत्या मशीनने झालं?" नानांनी अगदी अदबीने विचारलं.

तो माणूस स्वतःच्या दुसऱ्या फोटोकडे इतक्या प्रेमाने बघत होता, की त्याला राग यायचा राहूनच गेला. जाताना त्याने तो मागून घेतला.

तेव्हापासून फोटोच्या खोलीत नानांचं राज्य सुरू झालं. खिडकीला काळा कागद. फरशीवर पिवळ्या ऑइल पेंटने पावलांचे ठसे. स्टुलाचे पाय खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले. छताला गवंड्याचा ओळंबा टांगलेला, त्याची दोरी पेशंटच्या दोन डोळ्यांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. कॅमेऱ्यापासून नाकापर्यंतचं अंतर सुतळीने मोजायचं, आणि सुतळी तीच, तिला दुसरं कोणी हात लावायचा नाही. टिकली काढा, कानातले काढा, केस मागे, श्वास सोडा. एका मोठ्या घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, थोडी पावडर तरी लावू द्या." नाना म्हणाले, "ताई, आधीच्या फोटोत जो खोटं बोलतो त्याला नंतरच्या फोटोत काहीच सापडत नाही." बाईंनी गुपचूप तोंड धुतलं.

मला गंमत वाटायची ती वेगळीच. ज्या माणसाने उभा जन्म लोकांचे चेहरे सुधारण्यात घालवला, तो आता कणभर सुधारणा दिसली तरी पिसाळायचा. मी एकदा तसं म्हटलंसुद्धा. नाना म्हणाले, "चोराइतका पहारा कोणाला जमत नाही, ताई."

आणि या माणसाला आयुष्यात एक फोटो काही काढता आला नव्हता. स्वतःच्या बायकोचा! हे बाजारपेठेत सगळ्यांना माहीत होतं. लग्नापासून आजपर्यंत अक्का त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या. मुलीच्या लग्नात सगळ्या गर्दीच्या फोटोंत अक्कांचा पदर तेवढा दिसतो. आधारकार्डाचा फोटो काढायला त्या एकट्या गेल्या आणि नवऱ्याला तो दाखवला नाही. नाना हे हसत सांगायचे, पण सांगून झालं की कॅमेऱ्याची काच पुसत बसायचे. एकदा न हसता म्हणाले, "पासष्टी ओलांडली मी. डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. तिचा एक फोटो माझ्या हातून निघाला पाहिजे, ताई. मग कॅमेरा विकला तरी चालेल."

तर तुलना सुरू झाली. काय दिवस होते ते! मॅडम उत्साहात, मी दुप्पट उत्साहात आणि नाना शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखे वही घेऊन दारात. यावलच्या एका केळीवाल्या मोठ्या बागाईतदाराच्या घरच्या बाई अल्ट्रासाउंडला बसल्या. पहूरच्या एक शाळामास्तरीण सुयांच्या मशीनला. आणि मी? माझ्या तर दोन गालांना दोन मशीनं! माझं वय चव्वेचाळीस, गाल नुकते उतरायला लागलेले. मॅडम म्हणाल्या, एकाच चेहऱ्यावर दोन उपचार केले तर तुलना उत्तम होते, दुसरी बाजू नंतर सारखी करून देऊ. मी हात वर केला. डाव्या गालावर साधं रेडिओफ्रिक्वेन्सी, उजव्या गालावर अल्ट्रासाउंड. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग मी आता जेवायला कोणत्या बाजूला बसू?"

डाव्या गालाची ऊब छान होती. इस्त्री केलेल्या गरम कापडाने कोणी हळूहळू गाल शेकावा तशी. एका बैठकीत भागत नाही, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा बसावं लागतं. पण उठून लगेच कामाला लागता येतं आणि तेज लवकर दिसतं. उजव्या बाजूला मात्र जबड्याच्या हाडाशी आत कुठेतरी झिणझिण, एखाद-दुसऱ्या ठिकाणी तर दाढ ठणकल्यासारखं. बैठक एकच. त्यानंतर काही दिवस काहीच नाही! मी रोज आरशात बघायची आणि रोज हिरमुसायची. मॅडम म्हणायच्या, "अगं, आतली जुनी दोरी उष्णतेने आखडते, आणि मग शरीर तिथे नवी विणायला घेतं. विणायला वेळ लागणारच. तीन महिने धीर धर." पहूरच्या बाईंचं तोंड सुयांनी चारेक दिवस लाल होतं, उन्हात जायची बंदी होती. पण त्यांच्या गालावरची जुन्या मुरुमांची खड्डेखड्डे झालेली कातडी सुद्धा गुळगुळीत व्हायला लागली, ते बाकी दोन्हींत कुठेच नव्हतं. लेसरचंही नानांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, आपल्या सावळ्या कातडीला, आपल्या उन्हात, डाग पडायची भीती असते, तो विचार फार जपून करावा लागतो.

नानांनी सगळं वहीत उतरवलं. पण त्यांचे प्रश्न मला हळूहळू चमत्कारिक वाटायला लागले. "साठी उलटलेल्या बाईला किती दुखेल?" "चुलीजवळ बसणारी असेल तर?" "दुपारी उन्हात बिबडे वाळत घालणारी असेल, ती ऐकायची नाही घरात बस म्हटलं तर, मग सुयांचं रद्द ना?" "हनुवटीवर जुनी खूण असेल तर त्यावर चालतं का हो मॅडम?" मॅडम प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. शेवटी मीच म्हटलं, "नाना, ही बाई कोण?"

नाना लाजले. खरंच सांगते, पासष्टी ओलांडलेला माणूस कानापर्यंत लाल झाला.

"अक्कासाठी चाललंय हे सगळं," ते म्हणाले. "तिला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ती बसत नाही. जबडा जड आहे तिचा, आता तर गालही खाली आलेत. तिला कोणतं मशीन लागू पडेल ते एकदा ठरलं, की ती आपणहून म्हणेल, काढा फोटो."

मग त्यांनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. नाना तेव्हा धुळ्यात एका स्टुडिओत काम शिकत होते. जवळच्या खेड्यातली एक मुलगी बापाबरोबर लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला आली. लहानपणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरून पडून तिच्या हनुवटीवर चांगली लांब खूण झाली होती. नानांनी निगेटिव्ह काचेवर ठेवली, पेन्सिलीला टोक काढलं आणि खूण पुसली. हात चालू होता म्हणून जबडाही दोन्हीकडून थोडा कोरून काढला. फोटो असा झाला, की नवऱ्या मुलाकडचे तो बघून गाडी करून आले! आले, मुलगी बघितली आणि म्हणाले, फोटोतली दाखवा. सगळ्या गावासमोर म्हणाले आणि चहा न घेता उठून गेले. नानांना हे कळलं तेव्हा ते सायकल काढून त्या खेड्यात गेले आणि तिच्या बापाला म्हणाले, मी करतो लग्न.

"फोटो काढताना पाहिलं होतं ना तिला, तेव्हाच मन बसलं होतं," नाना म्हणाले. "मी तिला जगातला सगळ्यात सुंदर फोटो दिला होता, ताई!"

मला गोष्ट इतकी आवडली, की माझे डोळे भरून आले. एखाद्या शहाण्या बाईला ती ऐकताना काहीतरी खटकलं असतं. मला त्या दिवशी काहीच खटकलं नाही.

तीन महिने झाले. नानांनी माझे तिन्ही फोटो लावले, समोरचा, डावा, उजवा. हनुवटी तिथेच, उजेड तोच, ओळंबा नाकाच्या शेंड्यावर. आणि उजव्या जबड्याची रेघ वर आली होती! थोडीच, पण खरी! डाव्या गालावर तुकतुकी होती, घट्टपणा त्यामानाने कमी. मी खुर्चीवरून उठून नाचले. यावलच्या बाईंचंही तसंच. मॅडमनी मात्र सगळ्यांना बजावलं, "हे ऑपरेशन नाही. ज्यांची कातडी फार लोंबते त्यांना यातलं कोणतंच पुरणार नाही. आणि जे मुळात बारीक आहेत त्यांचे गाल अजून बसू शकतात. ज्याचं त्याला बघूनच ठरवायचं." मशीन घ्यायचं ठरलं ते अल्ट्रासाउंडचं. नानांनी वहीत शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अक्का – जबडा – अल्ट्रासाउंड,' आणि वही माझ्यापुढे सरकवली. अक्कांना पटवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. अक्का गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ओल्या फडक्यावर ज्वारीच्या पिठाचा गोळा थापायचा, फडक्यासकट उचलायचा, खाटेवर उलटा करायचा आणि फडकं अलगद सोडवायचं. त्यांचा हात यंत्रासारखा चालत होता. अंगाने भरलेल्या, आवाज मोठा, नाकात चमकी. जबडा जड, हे खरं. हनुवटीवर खूण, तीही होती. लाजणारी बाई मात्र मला कुठे दिसली नाही.

मी सुरू झाले. रेडिओफ्रिक्वेन्सी, अल्ट्रासाउंड, सुया, ऊब, झिणझिण, माझा डावा गाल, माझा उजवा गाल. अक्कांनी पिठाचे हात पुसले, माझी हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

"हाई बाजू बरी शे," त्या म्हणाल्या. उजवीच! फोटो न बघता, ओळंबा न लावता!

"मग तुम्ही येता का? नानांची फार इच्छा आहे."

"त्यासनी इच्छा माले माहीत शे." त्यांनी पुन्हा गोळा घेतला. "मनं तोंड ताणी मंग फोटो काढतीन. एक डाव पेन्सिल फिराई, आते मशीन फिरावतीन. पोरी, तुले गोष्ट सांगी का त्यासनी? गाडी करीसन पाहुणा उनात ती?"

"सांगितली."

"फोटोमधली दाखाडा, म्हने. बठ्ठा गावसमोर. मी दरवाजामा उभी व्हतू, हातमा चहाना ट्रे व्हता. मना बाप खाल मान घाली बसना. अन् यासले वाटस, यासनी माले सुंदर करं." अक्कांचा आवाज चढला नव्हता, पण गोळा फडक्यावर जोरात आपटला. "माले मनं तोंड कधीच वाईट नही लागनं, पोरी. यासले लागनं."

मी गप्प झाले. माझ्या ओळखीच्या कोणालाही विचारा, मी गप्प झाले ही बातमी आहे.

गोळा थापताथापता अक्काच म्हणाल्या, "तुमना दवाखानामा पहिले फोटो काढतस ना? मशीन लावाना आधी?"

"हो, आधीचा फोटो. त्याशिवाय उपचारच करत नाहीत."

"त्याले कोणी हात नही लावत?"

"छे! पावडर सुद्धा चालत नाही. जसं आहे तसं. नानांचाच नियम आहे तो."

अक्कांनी एक अख्खा बिबडा घातला, फडकं सोडवलं आणि म्हणाल्या, "मंग येसू मी. बुधवारे."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले! मला वाटलं, मी जिंकले. इतकं बोलणं ऐकूनही मला तेवढंच ऐकू आलं, की त्या येणार. नानांना फोन केला. ते म्हणाले, "नक्की बुधवार म्हणाली? कोणता बुधवार?"

बुधवारी नाना दाढी करून, नवा शर्ट घालून सकाळीच हजर. फरशीवरचे पावलांचे पिवळे ठसे फडक्याने पुसून चकचकीत केले, सुतळी मोजली, परत मोजली. मॅडमनी आतल्या खोलीत मशीन सुरू करून ठेवलं. अक्का रिक्षातून उतरल्या, हिरवं लुगडं, खांद्यावर पिशवी. कोणाशी न बोलता त्या फोटोच्या खोलीत गेल्या, कानातले काढून माझ्या हातावर ठेवले, टिकली काढून स्टुलाला चिकटवली आणि ओळंब्याच्या समोर ताठ बसल्या.

प्रत्येक पेशंटची हनुवटी नाना बोटाने जाग्यावर आणायचे. त्यांचं बोट पुढे आलं.

"हात नका लावज्यात," अक्का म्हणाल्या.

बोट मागे गेलं. "मग... जरा खाली. थोडं डावीकडे. बस, बस. आता श्वास सोडा." नाना आपल्या बायकोला अहोजाहो करत होते, त्यांच्या लक्षातही नव्हतं. समोरचा एक, डावा एक, उजवा एक. कॅमेऱ्याचा तीन वेळा आवाज झाला आणि मला दारात उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतक्या वर्षांत जे घडलं नव्हतं ते तीन मिनिटांत घडलं होतं!

"दाखाडा," अक्का म्हणाल्या.

नानांनी समोरचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. अक्का खुर्ची ओढून बसल्या. "मोठा करा." त्यांनी मोठा केला. "आखो." आणखी मोठा केला. पडद्यावर तो जड जबडा, उतरलेले गाल, आणि हनुवटीवरची खूण, आडवी, पांढरट, टाके नीट न घातल्यामुळे एका टोकाला वाकडी. अक्का बघत राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखं काहीतरी आलं आणि त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

तेवढ्यात नानांचा हात माउसकडे गेला. कपाळावर केसांची एक बट आली होती, ती डाव्या भुवईवर पडली होती. त्यांना ती काढायची होती, दुसरं काही नाही. मनात पाप नव्हतं, हात आपला आपण चालला होता. माउसचा बाण पडद्यावर त्या बटेपाशी जाऊन थांबला.

अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

नानांचा हात तिथेच थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते त्या क्षणी त्यांना स्वतःच्या हाताने सांगितलं. मग त्यांनी माउस सोडला आणि तो हात काखेत घट्ट दाबून धरला, जणू पुन्हा सुटून जाईल.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. जळगावात आयुष्य काढून शहरी बोलणारा तो माणूस एकदम आपल्या बोलीवर आला. "बठ्ठं ऱ्हाऊ दे. मी चुकनू."

आतून मॅडम आल्या. "अक्का, चला, जेल लावून घेऊ."

"कसाले?" अक्का उठल्या. माझ्या हातावरचे कानातले घेतले, एकेक करून घातले, स्टुलावरची टिकली कपाळाला लावली. "मना फोटो व्हई गया. मनं काम व्हई गयं."

"पण उपचार?" मी ओरडलेच. "अल्ट्रासाउंड? तुमचं नाव नोंदवलंय!"

"त्या पोरीले करा, डावा गाल बाकी शे तिना," अक्का म्हणाल्या, आणि मॅडम पोट धरून हसल्या. माझा डावा गाल त्याच दुपारी झाला. मशीन तापलेलंच होतं.

जाताना अक्का दारात वळल्या आणि नानांना म्हणाल्या, "मोठा करीसन दुकानना काचमा लावा. रस्तानीकडे तोंड करीसन."

नाना नुसती मान हलवत होते. पेन्सिल कधी कानावरून काढून त्यांनी खिशात टाकली ते मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरून आधी बाजारपेठ गाठली, क्लिनिकला उशीर झाला तर झाला. स्टुडिओच्या काचेतले नवरानवरीचे, बारशाचे, शाळेतल्या बक्षिसांचे सगळे फोटो काढून टाकले होते. मधोमध एकच, दारापेक्षा थोडाच लहान, अक्का! बट भुवईवर, जबडा जसा आहे तसा, सगळ्या बाजारावर नजर ठेवून. मला इतका आनंद झाला, की मी भर रस्त्यात "अगं बाई!" असं मोठ्याने म्हणाले. चहावाला बघत होता, भाजी घेऊन चाललेल्या बायका थांबत होत्या. नाना बाहेर उभे राहून ओल्या फडक्याने काच पुसत होते आणि आत, गिऱ्हाइकांच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन खुद्द अक्का बसल्या होत्या.

शेजारचा कापड दुकानदार बाहेर आला. भला माणूस, नानांचा जुना दोस्त. त्याने फोटो निरखला आणि म्हणाला, "नाना, प्रिंट फस्क्लास आली. पण हनुवटीपाशी डाग पडलाय बघा, तेवढा पुसून घ्या."

नाना गर्रकन वळले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "डाग नही तो, भो! मनी बायको शे ती!"